बापूकाकांचा गळका पाइप

लग्नाच्या मांडवातून नवरदेवाचा सख्खा काका गायब झाला, तर तुम्ही त्याला कुठं शोधाल? आम्ही आमच्या बापूकाकांना सरळ आचाऱ्याकडं शोधतो. तिथं भांडी धुवायचा पाइप फाटलेला असतो आणि काका नव्या पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून त्याला दुरुस्त करत बसलेले असतात. पुतण्याच्या लग्नात हेच झालं. तिकडं अक्षता पडल्या, इकडं काका आचाऱ्याला झापून राहिले होते, "चिकटपट्टी लावतो व्हय रे? कापायचं अन् जोडायचं!"

वसमतला आमची भिंतीला भिंत. काका रिटायर मोटार मेकॅनिक. गल्लीत कोणाचाही बागेचा पाइप फुटला की न बोलावता हजर. फुटका तुकडा कापायचा, दोन्ही टोकं कढत पाण्यात बुडवून मऊ करायची, मधी जोडनळी सरकवायची आणि वरून क्लिपा आवळायच्या. पाइप उन्हात टाकणाऱ्याचा उद्धार वेगळा. माझा तर रोज व्हायचा.

आणि एवढ्या मोठ्या कारागिराच्या घरचा पाइप नळापाशी गळायचा! तिथं क्लिप नव्हती, जुन्या पातळाची चिंधी बांधलेली होती. नळ सोडला की कारंजं उडायचं आणि काका चिंब. मी हसले की म्हणायचे, "हसा, हसा! आमच्या मालकिणीची गाठ हाय ती. सोडायची न्हाई."

मालकीण म्हणजे कांताकाकू. हळदीवाल्यांच्या घरातल्या, लग्नानंतरही घरी हळदीची पोती भरायच्या. हळदीच्या पोत्याचं तोंड एका हातानं आणि दातानं अशा बांधायच्या की पोतं गाडीवरून पडलं तरी सुटायचं नाही. एकदा काका क्लिप आणायला बाजारात गेले, तेवढ्यात काकूंनी पाइपाला चिंधी गुंडाळून तशीच गाठ मारून टाकली. "घ्या! तुमच्या क्लिपीवाचून काई अडलं न्हाई." पुढच्याच महिन्यात काकू गेल्या. पातळं नातेवाइकांनी नेली, लोणचं संपलं. त्यांच्या हातची तेवढी एक गाठ जशीच्या तशी राहिली.

यंदा दिवाळीला मुलगा आला, महेश. पुण्याला असतो. गुणी पोरगं. म्हातारा बाप रोज भिजतो हे त्याला बघवेना. काका अंघोळीला गेले तेवढ्यात त्यानं चिंधी गाठीवरच कापली आणि क्लिप आवळली, अगदी बापानं शिकवली होती तशी.

"बाबा, बघा! थेंब गळत नाही आता."

मी भिंतीवरून बघत होते. काका नळाकडं बघतच राहिले. मग त्यांनी महेशच्या पाठीवर हात ठेवला.

"बराबर केलं बाळा. झकास झालं."

महेश परत गेला त्या दुपारी काकांनी मला हाक मारली. नळापाशी पाटावर बसले होते. क्लिप काढून ठेवलेली, हातात चिंधीचे दोन तुकडे. बांधत होते, सोडत होते, परत बांधत होते.

"ताई, तुमाला येती का हो पोत्याची गाठ?"

मला कुठली येणार! तरी बांधून बघितली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती निरखली.

"न्हाई. अशी नव्हती."

मला फार वाईट वाटलं. "काका, होईल हो काहीतरी," असलं काहीबाही बोलले मी. त्यांचं लक्षच नव्हतं.

"जनमभर माझ्यासमोर पोती बांधली तिनं," काका म्हणाले. "एकदा बी नीट बघितलं न्हाई मी. काहून बघितलं न्हाई, ताई?"