बदकनिधीतून छप्पर सर केल्याची हकीकत

सर्वत्रांस जाहीर व्हावे की, खासगी विद्यापीठाचे दौलतीत छपरानिमित्त जे रण माजले, त्यात कोण हटला, कोण टिकला आणि बदकाने काय पराक्रम केला, तो मजकूर पदरचे काही न घालता येणेप्रमाणे.

ते समयी विद्यापीठाचा जमाखर्च अखंडितलक्ष्मी-अलंकृत खजिनदारसाहेब यांजकडे होता, आणि तिजोरीत लक्ष्मी औषधालाही नव्हती. कुलगुरूंचा हुकूम सुटला की, सालाचे अंदाजपत्रक तुटीविना उभे करणे. गळके वाचनालय दुरुस्त करावयास पैका नाही, सबब त्यास कुलूप घालणे. वाचनालयाची किल्लेदारीण, म्हणजे ग्रंथपाल, ही खजिनदारांची सख्खी थोरली बहीण. जिने आपणांस बाराखडी शिकविली तिचे दारास आपलेच सहीने कुलूप, या विचारे खजिनदारांस घास उतरेना. मग ताई स्वतः चालून आली आणि भिजका शब्दकोश तिने भावाचे टेबलावर पिळला.

"ताई, तिजोरीत खडखडाट आहे गं."

"आणि बदकाला दरवर्षी नवी कौलं! माझ्या पुस्तकांना काय, तर बादल्या!"

हा घाव वर्मी बसला. कारण ऐसे की, एका मयत शेटजींनी आपले लाडके बदक आणि अपार मुद्दल विद्यापीठास दिले होते. मुद्दलास हात लावणे नाही. व्याज मात्र बदक आपखुशीने जेथे राहील त्याच इमारतीचे डागडुजीस लावणे, आणि सालअखेर ते खर्ची न पडल्यास अवघा निधी शेटजींचे पुतण्यास जाईल, ऐसी शर्त. मग दरसाल तळ्याकाठचे बदकाचे घर पाडून नवे बांधीत. गतसाली त्यास नक्षीदार सज्जा काढिला, ज्यावर बदक कधी चढले नाही.

खजिनदारांनी मसलत केली की, पैका बदकास सोडीत नाही, तर बदकच वाचनालयात आणावे. मग खासा स्वारी तळ्यावर गेली आणि बदक बगलेत मारून आणिले आणि ते पळाले. मग पाव दाखवून आणिले आणि ते पाव खाऊन पळाले. शर्तीत आपखुशी लिहिली असल्याने दार लावण्याची सोय नव्हती.

[येथे कागदावर बदक बसले. पुढील चार ओळी लागत नाहीत.]

ऐशात सालअखेर आली, व्याज अद्याप खर्ची पडले नव्हते, आणि आभाळ फुटले. पुतण्या लेखापरीक्षकांस संगे घेऊन, बदक वाचनालयात राहत नाही हे दाखवून निधी जिंकावयास भर पावसात चालून आला आणि वाचनालयात शिरतो तो इतिहासाचे कपाटांमध्ये घोटाभर पाणी, आणि त्यात बदक, कोणी न बोलाविता, मजेत तरंगते आहे.

"ही चक्क फसवणूक आहे!" पुतण्या गर्जला.

बदकाने डोके पाण्यात घालून शेपूट त्याजकडे केले.

"आवाज नको," ताई म्हणाली. "वाचनालय आहे हे."

लेखापरीक्षकांनी बूट काढून, विजार दुमडून, पाण्यात उभे राहून फर्माविले की, बदक येथे आपखुशीने नांदते, सबब व्याज या छपरास लागू. पुतण्या नामोहरम होऊन छत्री विसरोन गेला. परंतु मोठा पेच पडला. छप्पर बुजविले की पाणी आटणार, पाणी आटले की बदक जाणार, आणि बदक गेले की निधी जाणार. मग तह ठरला की, अवघे छप्पर नवे करावे, मात्र एक भोक राखावे, त्याखाली हौद बांधावा, पाऊस नसेल ते दिवशी भोकातून नळी सोडावी, आणि भोकाची निगराणी निधीचे कारभाऱ्याने खुद्द तेथे बसोन करावी.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. वाचनालय राखिले, पुस्तके वाळली, अंदाजपत्रक तुटीविना मंजूर जाहले. खजिनदारसाहेबांची कचेरी भोकाखाली हलली. साहेब एके हाती छत्री आणि दुजे हाती लेखणी धरून हौदाकाठी विराजमान असतात, बदक त्यांजसमोर तरंगते, आणि दोघांपैकी कोणीही तोंड उघडले तर ताई ओठांवर बोट ठेविते. हा विजय बदकाचे समक्ष दप्तरी दाखल केला असे.