कै. सौ. कलाबाईंची गाडी

देवरामनं मखमलाबादच्या पारावर जाहीरच करून टाकलं होतं, की येत्या दिवाळीच्या आत तो अशी गाडी बनवणार आहे जी पळताना बुटकी असेल आणि थांबली की उंच होईल. नाशिक जिल्ह्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात कुणाकडं नसेल अशी! पारावरच्या मंडळींनी ऐकून घेतलं. देवरामचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. मागं त्यानं सायकलच्या चाकावर कांदे निवडायचं यंत्र केलं होतं, तेव्हाही त्यांनी असंच ऐकून घेतलं होतं. त्या यंत्रानं कांदे निवडले नाहीत, फेकून मारले. सरपंचांच्या कपाळावर अजून खूण आहे.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. या वेळी देवराम हौसेनं नाही, पोटतिडकीनं बोलत होता.

त्याच्या बायकोचं, कलाबाईचं, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, झोपा नाहीतर उभ्या राहा, बसायचं मात्र नाही. आता बसायचं नाही म्हटल्यावर एसटीत जायचं कसं? जीपमध्ये जायचं कसं? आणि कलाबाईला जायचं होतं. तिची थोरली बहीण पुतळाबाई तिकडं बागलाणात, सटाण्याच्या पुढं दिलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून कलाबाईच्या वेण्या घातल्या त्या पुतळाबाईनं, तिला सासरी धाडलं तेही पुतळाबाईनं. आता पुतळाबाईचं डोकं तिला सोडून चाललं होतं. आधी शेजारी विसरली, मग नातवंडं विसरली, मग पोटच्या पोराला 'कोण तुम्ही, चहा घेणार का?' म्हणून विचारायला लागली. सून सरिता शेजारच्या घरून फोन करायची आणि सांगायची, "मावशी, सगळे गेले, आता फक्त तुमचं नाव राहिलंय. दिवस मावळला की विचारतात, कला आली का? मी सांगते, काका गाडी बनवतायत, झाली की येईल."

फोन ठेवला की कलाबाई भिंतीला टेकून उभी राहायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं देवरामला सोसायचं नाही. बायकोनं तणतण केली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अशी गाडी असू शकते हे त्याला कळलं त्र्यंबकच्या रस्त्यावर. एक गोरं जोडपं झाडाखाली गाडी लावून बसलं होतं. त्या बाबानं काहीतरी फिरवलं आणि गाडीचं छप्परच वर उचललं गेलं, खाली कापडाच्या भिंती, आत बिछाना, आणि बाई आत उभी राहून केस विंचरतेय. देवराम तिथं इतका वेळ उभा राहिला, की शेवटी त्या बाईनं पडदा ओढून घेतला. घरी येऊन त्यानं कलाबाईला सांगितलं, तुझी गाडी सापडली. पळताना तू आडवी, थांबल्यावर उभी, बसायचा प्रश्नच नाही.

पंचवटीच्या बाजारात भाजी न्यायची जुनी डिझेल पिकअप होतीच. तिच्या स्प्रिंगचे पाटे त्यानं हलके करून घेतले, म्हणजे खड्ड्यात दणका कमी बसावा. मागं पत्र्याची पेटी चढवली, आत काथ्याची जाड गादी, पाणी प्यायला नळीचं पिंप. छपराच्या चार कोपऱ्यांना चार जॅक, चारही जॅक सायकलच्या चेनींनी एकमेकांना जोडलेले, आणि बाहेर एकच दांडा. दांडा फिरवला की छप्पर वर, आणि ताडपत्रीच्या भिंती ताणल्या जाणार. पहिल्या दिवशी तीनच कोपरे वर गेले. चौथा काही केल्या हलेना, आणि त्या तिरक्या छपराखाली मान वाकडी करून कलाबाई म्हणाली की मणका ठीक आहे, आता मानेचं ऑपरेशन करावं लागेल. दिवाळी गेली. संक्रांत गेली. दर वेळी काहीतरी निघायचं. चेन तुटायची, ताडपत्री फाटायची. आणि दर वेळी सरिताच्या फोनवर एकच उत्तर जायचं, झालीच आता.

एकदाची झाली. ऊन लागू नये म्हणून देवरामनं ती पांढरीशुभ्र रंगवली. आता फक्त नाव टाकायचं राहिलं.

नाव टाकायला तो पंचवटीत लखन पेंटरकडं गेला. लखनचा हात चांगला होता, पण त्याचं सगळं आयुष्य घाटावरच्या बाकड्यांवर आणि पाणपोयांवर नावं टाकण्यात गेलेलं. देवरामनं सांगितलं, "बायकोच्या नावानं गाडी केलीय. सौ. कलाबाई देवराम, मखमलाबाद. मागच्या बाजूला, ठळक." लखननं गाडीत डोकावून पाहिलं. पांढरी गाडी, आत एक माणूस आडवा मावेल एवढी गादी, खिडक्यांना पडदे. त्यानं मान डोलवली, हळहळला आणि म्हणाला, सकाळी घेऊन जा.

सकाळी देवराम आला तर गाडीला झेंडूचा हार, आणि बाजूला दोन माणसं हात जोडून उभी. देवरामला वाटलं, चला, नाव झालं गाडीचं. त्यातला एकजण म्हणाला, वडील पहाटे वारले, पालिकेची गाडी दुसरीकडं गेलीय, तुमची मिळाली तर उपकार होतील.

"अहो, ही तशी गाडी नाही," देवराम म्हणाला. "ही बायकोसाठी केलीय."

"वाचलं आम्ही. मोठं मन तुमचं. कधी गेल्या?"

"गेली नाही अजून. उद्या जाणार आहे."

त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"उद्या? डॉक्टर म्हणाले का तसं?"

"डॉक्टर एवढंच म्हणाले, की न्यायची तर आडवीच न्या."

दोघांनी गाडीच्या मागच्या बाजूकडं बोट दाखवलं. तेव्हा कुठं देवराम गाडीच्या मागं गेला आणि त्यानं वाचलं. निळ्या रंगात, सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'कै. सौ. कलाबाई देवराम, मखमलाबाद, यांच्या स्मरणार्थ.' देवरामनं लखनला हाक मारली. लखन म्हणाला, "भाऊ, तुम्हीच म्हणाले, बायकोच्या नावानं. आमच्याकडं जित्या माणसाच्या नावानं कोण काय करतं?"

खरं तर देवरामनं तिथंच कडाक्याचं भांडण करायचं. पण तो वडील गेलेला माणूस तसाच उभा होता, आणि त्याला नाही म्हणायला देवरामची जीभ वळेना. म्हातारबाबा त्या गाडीतून गेले. कलाबाईच्या गादीवरून.

आता घरी जाऊन हे सांगायचं होतं. आणि गाव तर त्याच्या आधीच पोचलेलं. गाडी पंचवटीतून फिरली ती नाव मिरवत फिरली, त्यामुळं दोन बायका पदर डोळ्याला लावून दारात आल्या होत्या आणि कलाबाईनंच त्यांना चहा केला होता. कलाबाईनं नवऱ्याचं सगळं ऐकलं. मग म्हणाली, कुणाच्या उपयोगी पडली ना, झालं तर मग. गोमूत्र शिंपडा, गादीची खोळ बदला आणि चला. पुन्हा लांबवू नका. हे शेवटचं ती अशा आवाजात म्हणाली, की देवराम त्याच पावली लखनकडं गेला.

लखनकडं पांढरा ऑइलपेंट संपलेला. त्यानं 'कै.' वर आणि 'यांच्या स्मरणार्थ' वर भिंतीचा डिस्टेंपर फासून दिला. 'सौ. कलाबाई देवराम, मखमलाबाद' एवढंच उरलं, आणि देवराम खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई आडवी झाली आणि गाडी आग्रा रोडला लागली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. चांदवडच्या पुढं घाटात अवकाळीची एक सर आली, चांगली झोडपून गेली आणि उघडली. डिस्टेंपरनं काय करायचं होतं ते केलं, धुऊन निघाला. पुढं बसलेल्या देवरामला ते दिसणार कसं? त्याला एवढंच दिसलं, की घाटानंतर लोक फार चांगले वागायला लागलेत. मागून येणारे ट्रक हॉर्न न वाजवता हळूच बाजूनं जायचे आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावायचे. देवळ्याच्या चौकात पोलिसानं सगळी वाहनं थांबवून त्याला वाट करून दिली. देवरामनं मागच्या जाळीतून ओरडून बायकोला सांगितलं, की बघ, गाडीला कसा मान आहे. कलाबाई आतून म्हणाली, बघते हो, मला छप्परच दिसतंय.

बहिणीच्या गावात शिरल्यावर त्यानं पुतळाबाईचं घर विचारलं. ज्याला विचारलं त्यानं बोटानं दाखवलं, गाडी पुढं गेल्यावर मागून वाचलं, आणि आडवाटेनं पळत सुटला. देवराम घरासमोर पोचला तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या, सरिता उंबऱ्यात मटकन बसली होती, आणि ओट्यावर पांढऱ्या केसांची पुतळाबाई छाती पिटून, माझी कला गेली म्हणून अहिराणीत रडत होती, "मनी कला गयी वं माय, मनी कला गयी!"

आता शहाण्या माणसानं आधी खाली उतरून विचारलं असतं. देवरामला वाटलं, बहीण भेटायची म्हणून आनंदानं रडतेय. त्यानं प्रवासभर मनाशी ठरवलेलं, की कलाला आडवी उतरवायची नाही, छप्पर वर करून उभीच दाखवायची. तो थेट दांड्याला भिडला. किर्र, किर्र करत छप्पर वर चाललं. रडणं हळूहळू थांबलं. चारही कोपरे नीट वर गेले, जन्मात पहिल्यांदा, ताडपत्रीची खिडकी उघडली आणि कै. सौ. कलाबाईनं डोकं बाहेर काढून हाक मारली, "अक्का!"

अंगण रिकामं झालं. एक म्हातारी तुळशीला मिठी मारून बसली. कडू घास म्हणून पिठलं-भाकरीची टोपली घेऊन येणारी शेजारीण टोपली ठेवून पळाली. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून पहिलं जेवण शेजारचे आणतात, तर ते जेवण मेलेल्या बाईच्या आधी पोचलं होतं. सरिताला आधी उमगलं. ती रडता रडता हसायला लागली, मग लोक परत आले, गाडीच्या मागं जाऊन वाचलं, देवरामनं कपाळावर हात मारला, आणि सगळं अंगण पोट धरून हसलं. कलाबाईसुद्धा हसली, कमरेला कळ येईपर्यंत.

पुतळाबाई तेवढी हसत नव्हती. ती आपली हळू आवाजात रडत होती.

कलाबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. खाली बसता येईना, म्हणून ओट्याला धरून उभी राहिली. म्हणाली, अक्का, अगं मीच, मी कला, माझी वेणी तू घालायचीस. पुतळाबाईनं तिच्याकडं मायेनं पाहिलं, तिचा हात थोपटला आणि म्हणाली, "तू लय चांगली हायेस गं बाई. पर मनी कला गेली. गाडीवर लिवलंय." सरितानं समजावलं, गावानं समजावलं, देवरामनं तर गुडघ्यावर बसून लखनचा सगळा इतिहास सांगितला. सकाळचं संध्याकाळी न आठवणारी बाई, पण हे एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. देवरामला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

शेवटी कलाबाईच म्हणाली, पुरे करा. रडू द्या तिला. माझ्यासाठीच रडतेय.

मग ती तिथंच उभी राहून ऐकत राहिली. कला किती गोरी होती, कला भोकरं खाऊन आजारी कशी पडली, सासरी जाताना कलानं पदर कसा सोडला नाही. ऐकता ऐकता कलाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. जेवायची वेळ झाली तर पुतळाबाई घास घेईना, म्हणाली आधी या पाहुणीला द्या, तिला फार लागलंय. कलाबाईनं स्वतःचा कडू घास स्वतःच खाल्ला आणि अर्धी भाकरी बहिणीला भरवली.

निघायची वेळ झाली. कलाबाई वाकू शकत नव्हती, म्हणून पुतळाबाईच उठली आणि तिनं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"तुझं नाव काय गं बाई?"

"कला," कलाबाई म्हणाली.

"हो का?" पुतळाबाई हरखली. "माझ्या बहिणीचं बी हेच नाव व्हतं. मंग तू येत जा. ती बी येनार व्हती, पर तिचा नवरा गाडीच बनवत बसला."