बिनचहाचं उत्तर

आमच्या शेजारच्या मधुकाकाजींना इंटरनेटवर कोणी फुकट उत्तर दिलं, की त्यांना अन्न गोड लागत नाही.

काकाजींनी आयुष्यभर अमरावतीत संत्र्यांची आडत केली. घरी पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजल्याशिवाय कधी जाऊ दिलं नाही. आता ते मोबाइलच्या अडचणी सोडवणाऱ्या एका ग्रुपवर प्रश्न विचारतात आणि उत्तर देणाऱ्याला लगेच अकरा रुपये पाठवतात. सोबत निरोप असतो, ‘चाहा घ्या. बिस्कूट तुमच्या मनानं.’

एवढ्यावर थांबतील तर ते काकाजी कसले! थोड्या वेळाने चौकशी येतेच, ‘घेतला का? साखर बरोबर होती?’

एकदा नाशिकच्या एका पोराने ते अकरा रुपये नम्रपणे परत पाठवले. काकाजी तणतणत माझ्याकडे आले. मी कोचिंग क्लासचे पेपर तपासत होते.

“पाह्य वं बाई, माह्या दारातून मानूस बिना चाह्याचा गेला!”

“काकाजी, तो नाशिकला आहे.”

“मंग? नाशिकले चाहा भेटत नाही काय?”

शेवटी मीच त्या पोराची समजूत घातली. त्याने पैसे ठेवून घेतले, तेव्हा कुठे काकाजी जेवले.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, ‘फोन वाजत नाही, काय करू?’ कोणी आवाज वाढवायला सांगितलं, कोणी फोन बंद करून चालू करायला. सगळ्यांना चहा गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न! ग्रुप चालवणाऱ्याने दम दिला, आता विचाराल तर काढून टाकीन. काकाजींचा चेहरा पार उतरला.

मी फोन तपासला. अगदी ठणठणीत होता. महिनाभरात त्यावर फोन आले होते ते माझे, आणि कर्ज हवं का विचारणाऱ्या एका बाईचे.

मुलाचे, नातेवाइकांचे सगळे फोन काकूंच्या मोबाइलवर यायचे. काकाजी पलंगावरूनच ओरडायचे, “माहाही नमस्कार सांग!” मागच्या वर्षी काकू गेल्या, आणि काकाजींना फोन करायचं कोणाला सुचलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात नाशिकच्या त्या पोराचा निरोप आला, ‘काका, नंबर द्या. मी लावून बघतो.’

फोन खणखणीत वाजला. काकाजी उचलेनात, नुसते बघत बसले.

“वाजून राहिला वं!”

“अहो, उचला मग!”

उचलला. त्या पोराची आई, नोकरी, लग्न, कांद्याचे भाव, सगळं विचारून झालं. तोही बिचारा हसून सांगत होता.

फोन ठेवल्यावर काकाजींनी त्याला चहा पाठवला. मग चष्मा सावरत एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘आज वाजला. पन भरोसा नाही. उद्या पुन्हा लावून पाह्यजो.’