बंद दाराचा फोटो

शनिशिंगणापूरच्या सुकन्याने जगाचा अभ्यास करायचं ठरवलं, आणि जगाने तिला आधी घराचं दार दाखवायला सांगितलं. प्रकरण एवढंच आहे. पण एवढ्याशा प्रकरणाचं आपल्याकडे आणि परदेशात काय होऊ शकतं याची कल्पना असलेली बरी, म्हणून क्रमाने सांगावं लागतं.

सुकन्याचे वडील श्रीमंत अण्णा देवळाच्या वाटेवर तेल आणि रुईच्या पानांच्या माळा विकतात. कळायला लागल्यापासून ती त्यांच्या दुकानात बसत आली, आणि माळ घेता घेता प्रत्येक गिऱ्हाईक तिला विचारत आलं, की खरंच तुमच्या घरांना दारं नाहीत का, आणि मग चोरी होत नाही का. मराठीत झालं, हिंदीत झालं, गुजरातीत झालं. उत्तरं देऊन देऊन पोरगी विटली. एकदा तरी आपण प्रश्न विचारावा आणि समोरच्याने उत्तर शोधत बसावं, एवढीच तिची मनापासून इच्छा होती. युरोपातल्या एका विद्यापीठात ग्लोबल स्टडीजची मास्टर्स आहे आणि तिथे प्रश्न विचारायलाच शिकवतात, असं तिने वाचलं. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं : 'आमची दारं साऱ्या जगासाठी उघडी आहेत.' सुकन्याला वाटलं, ही आपलीच माणसं.

ऑनलाईन अर्ज झकास पुढे सरकला. गुणपत्रिका गेल्या, इंग्रजीची परीक्षा गेली, 'दार नसलेल्या घरातून' असं शीर्षक दिलेला हेतुनिबंधही गेला. मग पत्त्याच्या पडताळणीचा रकाना आला. अर्जदाराने राहत्या घराच्या मुख्य दाराशेजारी उभं राहून फोटो काढावा, दार बंद असावं, कुलूप स्पष्ट दिसावं.

तिने उंबऱ्यात उभं राहून फोटो पाठवला. मागे चौकट, चौकटीत पडदा, पडद्याआडून डोकावणारी आई, मुक्ताबाई. तत्काळ उत्तर आलं : दार उघडं आहे, कृपया बंद करून पुन्हा प्रयत्न करा. तिने कळवलं, की दार उघडं नाही, दारच नाही. उत्तर आलं, की घराचं बांधकाम अपूर्ण दिसतं, ते पूर्ण झाल्याचा दाखला जोडा. ग्रामपंचायतीने शिक्का मारून दाखला दिला, की घर पूर्ण असून त्यास दार नाही व कधी नव्हते. विद्यापीठाने दाखला मान्य केला, अभिनंदन केलं आणि आता या पूर्ण झालेल्या घराच्या बंद दाराचा फोटो मागवला.

नगरला सावेडीत कल्याण सर म्हणून परदेशी प्रवेशाचे सल्लागार आहेत. स्वतः कधी परदेशी गेले नाहीत, त्यामुळे त्यांचा सल्ला तटस्थ असतो. त्यांनी सांगितलं, की सिस्टीमशी वाद घालायचा नसतो. दार बसवा, फोटो काढा, दार काढा.

हे ऐकून श्रीमंत अण्णा जेवणावरून उठले. पोरीने विमानात बसावं म्हणून ते गावभर पेढे वाटायला तयार होते, पण घराला दार म्हणजे देवावरच अविश्वास. शेवटी मुक्ताबाईंनीच तोड काढली. चौकटीला खिळा ठोकला तर ते दार. नुसतं उभं धरलं तर ती फळी. फळीला देव कशाला रागवेल?

मग घोडेगावच्या बजरंग सुताराकडून कुणाच्या तरी बंगल्यासाठी केलेलं सागवानी दार उसनं आणलं. ते टेम्पोतून गावात शिरलं तेव्हा लोकांनी असं पाहिलं, जणू श्रीमंत अण्णांनी तोफच आणली आहे. कुलूपही बजरंगनेच दिलं, कारण अख्ख्या आळीत कुलूप नव्हतं. अण्णांनी आत उभं राहून दोन्ही हातांनी दार धरलं, बाहेर सुकन्या हसली आणि फोटो निघाला. पोर्टलवर हिरवी खूण उमटली. दाराआडून अण्णांचा आवाज आला.

"झालं का गं? हितून भायेरचं काईच दिसत न्हाई. लोक ह्याच्या मागं बसत्यात कसे?"

मुलाखतीला पडद्यावर एक प्राध्यापक होते. शिंगणापूर म्हटल्यावर माणूस खुर्चीतच उडाला. दारं नसलेल्या समाजांच्या अभ्यासात त्यांचं सारं आयुष्य गेलेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की चोरी होत नाही का. सुकन्याने मुकाट्याने उत्तर दिलं. मग त्यांनी तिचा अर्ज उघडला, फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. निबंधात दार नाही, फोटोत आहे. दोन्हीपैकी एक खोटं, आणि प्रवेश नाकारायला एक पुरतं.

सुकन्याने सांगितलं, की दार तुमच्याच नियमापायी आणलं होतं. ते म्हणाले, की पडताळणीचं खातं वेगळं, त्यांच्या इमारतीत आम्हालाही कार्डाशिवाय शिरता येत नाही. मग नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, की तुला आम्हाला काही विचारायचंय का.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो क्षण आला होता. सुकन्या म्हणाली, "तुमची दारं जगासाठी उघडी आहेत ना सर? मग आत घेण्याआधी तुम्हाला आमचं दार बंदच का बघायचं होतं?"

प्राध्यापकांनी प्रश्न लिहून घेतला, छान आहे म्हणाले आणि पडदा काळा झाला. नकार दुसऱ्या दिवशी आला.

पुढच्या हिवाळ्यात प्राध्यापक स्वतःच आले, सोबत विद्यार्थ्यांचा जथा. सगळे थेट घरात शिरले, अडवायला दार कुठे होतं? मुक्ताबाईंनी चहा केला. जाताना प्राध्यापकांनी आपला नवा शोधनिबंध प्रेमाने भेट दिला. त्याचं शीर्षक होतं, 'आत घेण्याआधी दार बंदच का बघायचं?' खाली नाव त्यांचं. आभारात शिंगणापूरच्या दिलदार ग्रामस्थांचा उल्लेख होता.

सुकन्या आता दुकानात बसते. तुम्हीही कधीतरी जाल, माळ घ्याल आणि पैसे देता देता तेच विचाराल, की चोरी होत नाही का.

"आमच्या घरी एकदा झाली," ती सांगते. "तुम्ही गाडी लॉक केली ना?"

आणि तुमचा हात खिशातल्या किल्लीकडे जातो.