सिदू गडद्यांची दुसरी आवृत्ती

पुस्तकांचं पोतं ओसरीवर उतरलं तेव्हा सिदू गडदे शेळ्यांना पाला टाकत होता. हात धोतराला पुसून त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, वरचं पुस्तक काढलं आणि उजेडाला धरलं. हिरवं कव्हर. त्यावर फेटा बांधलेला त्याचा फोटो. खाली नाव, सिदू मारुती गडदे. आणि नावाच्या खाली बारीक अक्षरांत दोन शब्द : दुसरी आवृत्ती.

ते दोन शब्द त्यानं चार वेळा वाचले. मग बायकोला हाक मारली.

"छबू, हे बघ. दुसरी आवृत्ती."

छबुबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं फोटो बघितला. "फेटा तिरपा बांधलाय," ती म्हणाली, पण पुस्तक हातातून खाली ठेवलं नाही. आधी पदरानं पुसलं, मग देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

चौसाळ्यापासून आत तीन किलोमीटरवर गडद्यांची वस्ती. सिदू सातवी शिकलेला. तीस वर्षं शेळ्या राखल्या आणि राखता राखता जे कळलं ते जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेला. बारा वर्षांनी त्याचं पुस्तक झालं, 'शेळी : निगा आणि जोपासना'. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती दोन वर्षांत संपल्या. पहिला छापखाना मधल्या काळात बंद पडला होता, म्हणून दुसरी आवृत्ती बीडच्या एका नव्या छापखान्यात दिली. आतला मजकूर जुनाच होता. फक्त कव्हर नव्यानं करायचं होतं.

ते कव्हर छापखान्यातल्या मोहिनी नावाच्या मुलीनं केलं. मोहिनी मराठी घेऊन एम.ए. झालेली, तेही पहिल्या वर्गात. कागदावर 'शेळी' असं लिहिलेलं पाहून तिला लेखकाची दया आली. खेड्यातला माणूस, शुद्धलेखनात चुकणारच. तिनं कुणाला न विचारता दुरुस्ती केली. कव्हरवर छापून आलं, 'शैली : निगा आणि जोपासना'.

हे सिदूच्या लक्षात आलं नाही. आपल्या पुस्तकाचं नाव माणूस वाचत नाही, ते त्याला पाठ असतं. शिवाय त्याची नजर दुसऱ्या आवृत्तीवरून हलतच नव्हती.

इकडे बीडच्या एका साहित्य मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक राधाकिशन मुळे भलत्याच अडचणीत सापडले होते. मंडळानं नवोदित लेखकांसाठी शिबिर ठेवलं होतं. पुस्तक कसं छापावं, वाचक कसा मिळवावा, असा विषय. पुण्याहून येणाऱ्या वक्त्यांनी दोन दिवस आधी कळवलं की कंबर धरली आहे. मुळेसर निमंत्रणपत्रिका थांबवायला त्याच छापखान्यात गेले आणि तिथं टेबलावर त्यांना हिरवं पुस्तक दिसलं.

'शैली'. लेखक आपल्याच जिल्ह्यातला. आणि दुसरी आवृत्ती. मुळेसरांचे स्वतःचे तीन कवितासंग्रह होते, तिन्ही पहिल्या आवृत्तीतच मुक्कामाला होते. त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं नाही. अध्यक्षाकडे आलेली पुस्तकं उघडायची नसतात, त्यांचं प्रकाशन करायचं असतं. मागच्या पानावर नंबर होता, त्यावर त्यांनी तिथूनच फोन लावला.

सिदू तेव्हा माळावर होता. रेंज कमी, वारा जास्त.

"गडदेजी, तुमची 'शैली' पाहिली. थेट दुसरी आवृत्ती."

"व्हय सर. पैली संपली."

"नवोदितांना मार्गदर्शन करायला याल का? त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. शैली जन्मजात असते, की कमवावी लागते?"

"दोन्ही चालतं सर. पण घरात जन्मलेली बरी. भायेरून आणलेली रुळायला टाइम घेती."

मुळेसरांनी खिशातला कागद काढून हे लिहून घेतलं. "आणि दुसऱ्याची उचलली तर?"

"उचलली म्हंजे चोरीच की. गेल्या साली आमच्याकडं एकाला त्याच्यापायी लई मारलं. दवाखान्यात नेलतं."

चौसाळ्याकडे साहित्याची जाण एवढी कडक असेल याची सरांना कल्पना नव्हती. त्यांनी आदरानं विचारलं, "शैली खुलावी म्हणून काय करावं?"

"मोकळी सोडायची. बांधून घातली की खंगती."

"वा. हेच जरा प्रात्यक्षिकासह सांगाल का?"

"आणतो की," सिदू म्हणाला.

'आणतो' हा शब्द सरांना किंचित खटकला. पण हस्तलिखित वगैरे आणणार असतील, असं समजून त्यांनी फोन ठेवला.

बीडला मार्गदर्शन करायला बोलावलंय, ही बातमी दुपारपर्यंत वस्तीभर झाली आणि संध्याकाळपर्यंत चौसाळ्यात. छबुबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. मेव्हणा तानाजी आपली पिकअप घेऊन आला. रविवारी सकाळी पिकअपमध्ये मागं तेरा माणसं बसली, पुढं सिदू आणि छबुबाई, आणि मागच्याच कोपऱ्यात, अंगाला तेल लावून चकचकीत केलेली हरणी नावाची शेळी. दातांवरून वय कसं ओळखायचं, हे दाखवायला हरणीसारखी गरीब शेळी नव्हती. पुस्तकांचं पोतंही बरोबर घेतलं.

बीडमध्ये सभागृहाच्या दारात सिदूची लेक योगिता वाट बघत होती. ती तिथं नर्सिंगला होती. बापाच्या पाया पडून ती उठली आणि तिची नजर दारावरच्या बॅनरवर गेली. 'शब्दांपासून वाचकांपर्यंत : नवोदित लेखकांसाठी शिबिर. वक्ते : 'शैली'कार सिदू गडदे.'

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "नवं पुस्तक दाखवा बरं."

तिनं कव्हर बघितलं, बॅनर बघितला, परत कव्हर बघितलं. मग नावावर बोट ठेवून पुस्तक बापापुढं धरलं. सिदूनं आठवड्यात पहिल्यांदा आपल्या पुस्तकाचं नाव वाचलं. तोंडातल्या तोंडात अक्षर अक्षर लावून वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागं तेरा माणसं पिकअपमधून उतरून टोप्या नीट करत होती.

"शैली म्हंजे काय गं?" त्यानं विचारलं.

"लिहायची ढब, अण्णा."

"म्हंजे फोनवर ते त्याच्याबद्दल इचारत होते?"

योगिताला काही माहीत नव्हतं, पण बापाचा चेहरा बघून तिनं मान हलवली.

एवढ्यात मुळेसर पुष्पगुच्छ घेऊन लगबगीनं बाहेर आले. सिदूनं हात जोडले. "सर, घोटाळा झाला. हे शेळीचं पुस्तक हाय. चार पायाच्या. मला शैलीतलं काईच कळत न्हाई."

मुळेसरांनी पुस्तक उघडलं. सोळाव्या पानावर 'पोट फुगल्यास काय करावे' असं प्रकरण होतं. त्यांनी ते मिटलं आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. दुसऱ्या हातातला पुष्पगुच्छ आपसूक खाली आला आणि हरणीनं त्यातला शेवंतीचा भाग शांतपणे खायला सुरुवात केली.

"आत सत्तर जण बसलेत," सर म्हणाले. "वर्तमानपत्राचा माणूस आलाय. आता मी काय सांगू?"

"सांगा, वक्ता आजारी पडला. मी जातो माघारी."

"माघारी?" छबुबाई पुढं आली. इतका वेळ ती लुगड्याच्या निऱ्या धरून ऐकत होती. "सर, आत ती पोरं कशाला आलीत?"

"पुस्तक कसं लिहावं, कसं छापावं, लोकांनी ते कसं घ्यावं, हे ऐकायला."

छबुबाई नवऱ्याकडं वळली. "तुमी लिवलं का न्हाई?"

"लिवलं."

"छापलं का न्हाई? लोकांनी घेतलं का न्हाई?"

"घेतलं की. हजार गेली."

"मग तेवढंच तर सांगायचंय. माघारी कावून जायचं? आन शेळीवर लिवलं म्हून काय झालं, आपल्या अक्षरानंच लिवलंय ना?"

 मुळेसरांनी उरलेला पुष्पगुच्छ सिदूच्या हातात दिला. ही त्यांची संमती समजून सगळे आत गेले. हरणीला व्यासपीठाच्या खांबाला बांधलं. श्रोत्यांतल्या काहींनी वह्या उघडून तिची नोंद घेतली.

सिदू माइकपुढं उभा राहिला तेव्हा त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. पहिल्या रांगेतली छबुबाई तेवढी दिसली. ती खुर्चीत ताठ बसली होती, जणू तिचंच भाषण होतं.

"माझ्या पुस्तकाचं नाव चुकून छापलंय," त्यानं सुरुवात केली. "ते शेळीचं पुस्तक हाय. तुमी कथा-कविता लिवणारी माणसं. तुमाला जायचं आसंल तर जावा, मला राग न्हाई. बसला तर पुस्तक कसं झालं तेवढं सांगतो."

हशा झाला, पण उठलं कुणीच नाही.

सिदू सांगत गेला. पहिलं लिहून झाल्यावर पारावर बसून चार धनगरांना वाचून दाखवलं. जिथं माणूस तंबाखू मळायला लागला तिथलं पान काढून टाकलं. जिथं 'परत वाच' म्हणाले तिथं खूण केली. एकशे ऐंशी पानांचं शहाण्णव झालं. मग चार प्रकाशकांकडं पाठवलं, चौघांनी परत केलं. तिघांनी नुसतंच. चौथ्यानं एक ओळ लिहिली होती, की याला शास्त्राचा आधार नाही.

"मला लई राग आला. दोन दिवस जेवलो न्हाई. तिसऱ्या दिवशी वाटलं, माणूस खरं बोल्ला. मग जनावराच्या डॉक्टरांकडं गेलतो. त्यांनी लाल पेनानं पुस्तक रगताळ केलं. अकरा चुका निघाल्या. त्या नीट केल्या आन मग पुस्तक सोताच्या खर्चानं छापलं. त्या तशाच छापल्या असत्या तर कुणाची तरी शेळी माझ्या पुस्तकानं मेली असती."

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. संस्कृती तिचं नाव, कथा लिहायची. "काका, पण वाचक कसे मिळाले?"

"मिळत न्हाईत पोरी. त्यांच्याकडं जावं लागतंय. पैल्यांदा मी धा पुस्तकं पावण्यांना फुकट वाटली. एकानं बी वाचलं न्हाई. ह्या तानाजीनं रांजणावर झाकण म्हून ठेवलंय." तानाजी तिसऱ्या रांगेत खाली बघायला लागला. "मग इचार केला, माझं पुस्तक वाचणारा माणूस कुठं आसतो? तो आसतो बाजारात, शेळीचं दावं धरून. म्हून मी तिथं जाऊन उभा राहिलो. दर आठवड्याला. आदी त्याच्या शेळीबद्दल बोलायचो, पुस्तकाचं नाव मागाहून. तुझ्या गोष्टी वाचणारा माणूस कुठं उभा आसतो?"

संस्कृती विचारात पडली. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मग आदी ते बघ."

सभागृहात पेनांची कुरकुर ऐकू यायला लागली. मुळेसरही लिहीत होते, हे सिदूनं पाहिलं आणि त्याचा आवाज जरा मोठा झाला. पुस्तकाच्या मागं फोन नंबर का छापला, ते त्यानं सांगितलं. तेलगावच्या एका बाईनं फोन करून सांगितलं होतं, की विसाव्या पानावरचं वाचून तिनं अडलेली शेळी मोकळी केली, दोन पिल्लं जगली. "त्या दिवशी मला कळलं, मी लेखक झालो," तो म्हणाला. आणि मग एकदम लाजला.

टाळ्या वाजल्या. छबुबाईनं मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं, कोण वाजवत नाही ते बघायला. कुणी सापडलं नाही.

टाळ्या थांबल्यावर एक मुलगी उभी राहिली. ती मोहिनी होती. तीही लिहायची आणि शिबिराला नाव नोंदवून आली होती. "नावातली चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी आतलं एक पान वाचलं असतं तर कळलं असतं. मला वाटलं, काकांना लिहिता येत नाही." 

सिदूनं तिला जवळ बोलावलं, पोत्यातलं एक पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं. "आता वाच. आन चुका काढ. आत बी आसतील." मोहिनी ते घेऊन पहिल्या रांगेत छबुबाईशेजारी जाऊन बसली.

सह्या घ्यायला रांग लागली. सिदूची सही सावकाश व्हायची, वळणं घेत घेत, पण कुणाला घाई नव्हती. हरणीच्या दातांचं प्रात्यक्षिकही झालं. वर्तमानपत्राच्या माणसानं त्याचे सहा फोटो काढले. दुपारपर्यंत पोतं रिकामं झालं.

दहा-बारा दिवसांनी सिदूला मुळेसरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "गडदेजी, पुढच्या बाजाराला मी तुमच्याबरोबर आलो तर चालेल का?"

"शेळी घ्यायची का सर?"

"नाही. माझे कवितासंग्रह आहेत थोडे."

बाजारच्या दिवशी सर सकाळीच चौसाळ्याला उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. सिदूनं त्यांना आपल्या शेजारी सावलीची जागा दिली. पहिला तासभर सर पुस्तकं छातीशी धरून उभे राहिले आणि कुणी जवळ आलं की दुसरीकडं बघायला लागले. मग बांगड्या विकणारी केशरबाई आपणहून म्हणाली, "कशाचं पुस्तक हाय सर? वाचून तरी दाखवा." सरांनी घसा साफ केला आणि आईवरची एक कविता वाचली. केशरबाईनं ती संपेपर्यंत हातातल्या बांगड्या वाजू दिल्या नाहीत. मग नातीसाठी म्हणून एक पुस्तक घेतलं.

दुपार कलली. सिदू शेळ्यांना पाणी पाजून परत आला तर मुळेसर जरा बाजूला, लिंबाखाली, फोनवर घरी बोलत होते. त्यांच्या कपाळावर धूळ होती, शर्टाची इस्त्री गेली होती.

"तीन गेली," सर बायकोला सांगत होते. "अगं नाही. भेट नाही दिली." ते थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विकत."