सुभेदारांचा मध्यम

भूप रागात मध्यम नसतो. इस्लामपुरातल्या माझ्या शिकवणीत दहा वर्षांच्या पोरींनाही हे तिसऱ्या दिवशी कळायचं. सुभेदारअण्णांना तीन वर्षांत कळलं नाही! सा रे ग झालं की त्यांचं बोट पेटीच्या पुढच्याच पट्टीवर दाणकन पडायचं, आणि वर माझ्याकडे बघून प्रसन्न हसू.

"अण्णा, भूपात मध्यम नाही हो!"

"न्हाई कसा, मास्तर? पेटीत तर हाय की!"

सांगा, अशा माणसाचं काय करायचं? ही गोष्ट त्रेसष्ट सालची. पलटणीतून पेन्शनीत आलेले अण्णा, मिशा झुपकेदार, वय साठीपार. रोज चारच्या ठोक्याला गावाहून सायकलवर हजर. रियाज मात्र शून्य.

"काल घरी वाजवलंत?"

"हुतंय, मास्तर, हुतंय. सवडीनं."

सवडीनं! पेन्शनर माणसाला सवड नाही! मी तडकायचो. "बोटं आहेत की मुसळं?" पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. अण्णांना ना लाज, ना राग. बाहेर याच माणसाला अख्खं गाव वाकून रामराम घालायचं.

शेवटी म्हटलं, बास झालं. ज्याला शिकायचंच नाही त्याच्यासाठी मी घसा का फोडू? दसऱ्याला आमच्याकडे वाद्यांची पूजा होते आणि प्रत्येकाला नवा राग मिळतो. यांना कुठला देऊ, कपाळ माझं? पूजा झाली की यांची शिकवणी बंद करायची, आणि तीही न चिडता, असं ठरवून टाकलं.

दसऱ्याची पूजा आटोपली. "सुभेदारसाहेब," मी मऊ आवाजात म्हणालो, "आपलं वय, आपला मान... उद्यापासून आपण तसदी घेऊ नये."

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. ते उठून उभे राहिले.

"मास्तर, तुमी बी साहेब म्हणाया लागला व्हय?"

"म्हणजे?"

"घरात समदी भित्यात मला. चुकलो तरी 'व्हय अण्णा, बराबर अण्णा.' आमची थोरली अक्का हुती, ती एकटी वरडायची. मी पेन्शनीत आलो तरी लाटणं घिऊन मागं लागायची. ती गेली आन् मला कुणी चुकला म्हणंना झालं. हितं तुमी वरडता. लय बरं वाटतंय."

असा संताप आला म्हणता! तीन वर्षं या गृहस्थानं माझा घसा यासाठी वापरला होता! संगीताशी याचं देणं ना घेणं! चांगलं फैलावर घ्यायला तोंड उघडलं, तर निघालं भलतंच.

"काय म्हणायची हो अक्का तुम्हाला?"

"बैलोबा."

माझ्या दुप्पट वयाचा माणूस. जीभ रेटेना. तरी ओरडलोच, "मग उभा काय राहिलास, बैलोबा? बस पेटीपुढं!"

अण्णा मुकाट मांडी घालून बसले. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर मी पोरींवर उगीचच खेकसत राहिलो.