खडकेमळ्याचा सुवर्णसाठा : अनुमानित, निर्देशित आणि मापित

जमिनीच्या पोटात काय आहे हे जमिनीला ठाऊक असतं, पण जमिनीच्या सांगण्याला कायदेशीर किंमत नसते. त्यासाठी कंपनी लागते. कंपनीला भूगर्भतज्ज्ञ लागतो, तज्ज्ञाला नमुना लागतो आणि नमुन्याला भोक लागतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरच्या खडकेमळा या वस्तीकडे यातलं फक्त भोक होतं, तेही कोरडं. प्रगतीच्या सुरुवातीला तेवढं पुरतं.

हे भोक सोपानतात्यांचं. पाण्यासाठी घेतलेलं. या भागात बोअरची गाडी रानात उभी राहिली की नुसतं बटण दाबून चालत नाही. आधी नारळ फुटतो, हळदकुंकू वाहतात आणि घरची बाई त्या जागी सोन्याचा एखादा मणी सोडते. भूमीला दिल्याशिवाय भूमी देत नाही, असा त्यामागचा विचार. (भूमी पुष्कळदा घेऊनही देत नाही, पण त्याचा दोष विचाराला लावत नाहीत.) तात्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी आपल्या बोरमाळेतला मणी सोडला होता. पाणी लागलं, दोन उन्हाळे टिकलं आणि गेलं. यंदा तात्यांनी तेच बोअर आणखी खोल घ्यायला गाडी बोलावली. हॅमर फिरला, काळ्या दगडाचं पीठ उडालं आणि त्या पिठात पिवळं काहीतरी चमकलं.

"आवं, त्यो माझ्या बोरमाळंतला मणी हाय," विजयमालाबाई म्हणाल्या.

"गप बस गं. मणी केवढा, आन् ह्ये पीठ केवढं!" तात्या म्हणाले.

या प्रकल्पाविषयी कुणी केलेलं पहिलं अचूक विधान बाईंचं होतं, आणि प्रथेप्रमाणे ते तिथेच निकालात निघालं. तात्यांचा पुतण्या इंद्रजित बारामतीत ठिबक सिंचनाचं दुकान चालवतो. त्यानं त्या पिठाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि आठवड्याभरात हेमगर्भ रिसोर्सेस नावाच्या कंपनीची पांढरी जीप वस्तीवर आली.

जीपमधून कंपनीचे भूगर्भतज्ज्ञ ऋषिराज साहेब उतरले. साहेब शिकलेले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात आजवर कुणाला सोनं मिळालेलं नाही हे त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. पण कॉलेज पगार देत नव्हतं. साहेबांनी खडा उचलला, भिंगातून पाहिला आणि जिभेला लावला. वस्तीवर त्यामुळे त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला, कारण आजवर आलेल्या एकाही अधिकाऱ्यानं इथली माती चाखली नव्हती.

मारुतीच्या देवळासमोर बैठक झाली. साहेबांनी सांगितलं की सोनं आहे की नाही हा अडाणी प्रश्न आहे. खरा प्रश्न ते कोणत्या वर्गात आहे हा. साठ्याचे तीन वर्ग असतात : अनुमानित, निर्देशित आणि मापित. लांब लांब भोकं घेतली तर अनुमानित, जवळ घेतली तर निर्देशित, आणखी जवळ घेतली तर मापित. दोन भोकांत सोनं लागलं की मधल्या जमिनीतही ते आहे असं धरायचं. लोकांनी माना डोलावल्या, म्हणजे कुणालाच कळलं नाही. मग तात्या उभे राहिले.

"आवं, सोपं हाय. स्थळ नुसतं कानावर आलं, ते अनुमानित. पोरगी बघून पोहं खाल्लं, ते निर्देशित. सुपारी फुटली, ते मापित."

"आन् लगीन, तात्या?" टेकडाखालच्या सिद्धूनं विचारलं.

त्याचं उत्तर साहेबांनीच दिलं. लग्न आमची कंपनी लावत नाही, तोवर आम्ही स्थळ दुसऱ्या कंपनीला विकलेलं असतं. इतका प्रामाणिक खुलासा वस्तीनं यापूर्वी ऐकलेला नव्हता. टाळ्या झाल्या.

भोकं सुरू झाली. पूजेशिवाय गाडी चालू होणार नाही, हे वस्तीनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि कंपनीनं ते 'स्थानिक संस्कृतीचा सन्मान' या सदरात बसवलं. नारळ कंपनीचा, हळदकुंकू कंपनीचं, सोनं घरचं. ज्याच्या रानात भोक, त्याच्या घरच्या लक्ष्मीनं मणी सोडायचा. मणी सोडला की हॅमर सुरू, पीठ वर, पिठाची पिशवी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेचा निकाल यायचा : सोनं आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं जुनी माणसं म्हणत. खडकेमळ्यानं पोहऱ्यातून आडात घालून हा प्रश्न कायमचा सोडवला.

प्रयोगशाळा फार काटेकोर होती. जितकं पाठवाल तितकंच सांगायची. सिद्धूची बायको योगिनी हिनं नथीची तुटकी तार सोडली होती, त्यामुळे सिद्धूच्या रानाची प्रत 'हलकी' निघाली. सिद्धूचं नाक कापलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरून त्याच्या घराण्यानं अखेर घेतलेली जमीन ती, आणि तिला हलकी म्हणतात! दुसरीकडे पतसंस्थेचे चेअरमन आप्पासाहेब यांच्या मळ्याची प्रत इतकी भारी आली की साहेबांनी भोकाच्या क्रमांकाला वहीत लाल गोल केला. (आप्पासाहेबांच्या सौभाग्यवतींनी पाटलीचा तुकडा सोडला होता. घराण्याच्या नावाला शोभेलसं काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं.)

साहेबांनी संगणकावर नकाशा काढला. सोन्याचा पट्टा आप्पासाहेबांच्या बंगल्यापासून निघून डेअरीच्या चेअरमनांच्या वस्तीवरून माजी सरपंचांच्या विहिरीपर्यंत सरळ जात होता आणि टेकडाखालच्या घरांना वळसा घालत होता. निसर्ग किती शहाणा आहे हे पाहून साहेब भारावले. मुंबईत कंपनीचा शेअर वर गेला. वस्तीवर मुलामुलींच्या लग्नाच्या बायोडेटात 'जमीन बागायत' याच्यापुढे 'प्रत भारी' असं लिहू लागले.

मग सिद्धूनं फेरतपासणी म्हणून पहिल्या भोकाजवळच दुसरं भोक मागितलं. योगिनीनं या वेळी माहेरची ठुशी आख्खी सोडली आणि सिद्धूचं रान एका रात्रीत 'मापित' झालं. इथे तात्यांचं बिनसलं. शोध कुणाचा? तात्यांचा. पहिलं भोक कुणाचं? तात्यांचं. आणि नकाशात तात्यांची जमीन अजून अनुमानित! भोकं लांब पडली होती. मधल्या जागेत एक घेतलं की मापित होईल, असं साहेब म्हणाले. मधल्या जागेत विजयमालाबाईंची पेरूची बाग होती.

ती बाग बाईंनी दुष्काळाच्या वर्षी लावलेली. टँकरच्या पाण्यातलं घागर घागर बाजूला काढून एकेक रोप त्यांनी जगवलं होतं. बांधाकडच्या पहिल्या झाडाला त्या थोरली म्हणत. काहीही झालं तरी बागेत गाडी घालणार नाही, असा शब्द तात्यांनी त्यांना दिला होता, आणि तो देताना तात्या खरोखरच मनापासून बोलले होते.

"बाग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तितं सोनं न्हाय. मी सोडलेलंच न्हाय, तर असंल कुठनं?"

"मग सोड की."

"म्या न्हाय सोडायची."

तात्या दोन दिवस अर्ध्या जेवणावरून उठले. वस्तीवर सिद्धू भेटला की उगीच विचारायचा, "तात्या, तुमचं अजून अनुमानितच का वो?" तिसऱ्या दिवशी तात्यांनी बोटाला साबण लावला. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी सुजलेल्या बोटातून फिरवून फिरवून काढली, गाडीसाठी पेरूच्या दोन ओळी पाडायला लावल्या आणि नारळ फुटताच अंगठी स्वतःच्या हातानं भोकात सोडली. विजयमालाबाई बांधावरून पाहत होत्या.

निकाल असा आला की साहेबांनी जीपमध्येच पेढे वाटले. एवढी प्रत सबंध प्रकल्पात नव्हती. तात्यांची जमीन मापित झाली. तेवढ्यावर थांबली असती तर गोष्ट सुखान्त होती; पण जिथे सर्वात भारी प्रत, तिथेच चाचणीचा खड्डा घ्यायचा असा नियम आहे. संमतीच्या कागदावर तात्यांनी सही केली, कारण नाही म्हणणं म्हणजे आपल्याच सोन्यावर अविश्वास दाखवणं.

पोकलेन आलं. थोरली सगळ्यात आधी गेली, कारण ती बांधाकडेच होती. दुपारपर्यंत बाग संपली. विजयमालाबाई गोठ्यात जाऊन बसल्या आणि वैरणीची वेळ नसताना म्हशीपुढं वैरण टाकत राहिल्या. तात्यांना लाज वाटत होती. इतकी की त्यांनी दिवसभर घराकडे पाठ करून खड्ड्यातच लक्ष ठेवलं.

खड्ड्यात काळा दगड निघाला. त्याच्याखाली काळा दगड निघाला. त्याच्याखाली जो निघाला तो आणखी काळा होता. सोन्याचा कण नाही.

त्या संध्याकाळी कंपनी आणि वस्ती या दोघांनी आपापल्या परीनं विचार केला. कंपनीनं अहवालात लिहिलं की सर्व भोकांत सोनं सापडलेलं असताना एकट्या खड्ड्यात ते न सापडणं शास्त्रीयदृष्ट्या अपवादात्मक असून, अपवाद हिशेबात धरत नाहीत. वस्तीला कारण याहून लवकर सापडलं. पोकलेनवाला घाईत होता, दिवस अवसेचा होता आणि नारळ कंपनीच्या काटकसरीत गेला होता. सबंध प्रकल्पातलं हे एकमेव भोक, ज्याची पूजा झाली नव्हती.

"बघा," आप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले, "पूजा केली तितं तितं सोनं लागलं. न्हाय केली, तितं न्हाय लागलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

ते खरंच होतं. शब्दन्‌शब्द खरं होतं. (बैठकीला आलेल्या बायकांपैकी कुणाच्याच हातात आता कांकण नव्हतं, पण म्हण जुनी असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.) फक्त तात्या तिथून उठले. आपली बायको पहिल्या दिवशी काय म्हणाली होती ते त्यांना त्या क्षणी ऐकू आलं.

पुढे हेमगर्भनं प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला, तिनं तिसऱ्या. आज तो कुणाकडे आहे हे नक्की सांगता येत नाही, पण दर वेळी साठा थोडा वाढतो असं म्हणतात. खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. विजयमालाबाईंनी त्याच्या काठाला पेरूची नवी रोपं लावली आणि तात्या रोज न सांगता त्यांना पाणी घालतात. घागरीनं.

परवा ते पाणी घालत असतानाच वडगाव निंबाळकरहून एका पाहुण्याचा फोन आला.

"तात्या, तुमच्या हितं सोनं लागलं म्हनं?"

तात्यांनी घागर खाली ठेवली. आता तरी खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलं आणि सांगितलं. "पावनं, कुठलं सोनं? बायकांनी अंगावरचं भोकात टाकलं, तेच वर आलं. आमचंच सोनं आमच्याच जमिनीत गेलं, आन् माझ्या मालकिणीची बाग गेली. नादाला लागू नगा."



"व्हय, व्हय, ते समजलं," पाहुणे म्हणाले. "पर तात्या, किती निघालं?"

पाहुण्यांना हसू नये. खडकेमळ्यातलं स्थळ आपल्याही कानावर आलं आहे, म्हणजे आपण अनुमानित वर्गात जमा झालात. वाचता वाचता 'अगदीच नसेल असं नाही, थोडंफार असेलही' असं क्षणभर मनात आलं असेल, तर पोहेही खाऊन झाले. आता फक्त घरातलं कपाट उघडायचं राहिलं आहे. ऋषिराज साहेबांची जीप सध्या आपल्याच भागात फिरते आहे, आणि नारळ कंपनीचा आहे.